आगळ, सांदण आणि नाव नसलेलं पुस्तक

रविवार, अकरा मे. दुपारचे चार. जागा: आमची मागची पडवी.
उपस्थित: विद्याताई, शलाका, मी.
अनुपस्थित: नसीमआपा (मस्कत). तीस तारखेला येणार.

वहीत एवढं लिहून झालं आणि पालीहून भावाने पाठवलेली रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली पडवीत येऊन पडली. पहिली तोड. वरचे पिकून लाल झालेले, खालचे अजून थोडे कच्चे. टोपलीवरचं पान बाजूला केलं की जो आंबटगोड वास येतो, तो मला सरळ गेल्या मे महिन्यात नेऊन बसवतो. एरवी मी मागे रमणारी बाई नाही. माझ्याकडे दिवसाची यादी असते, त्यातली कामं खोडत गेले की संध्याकाळ होते. पण या वर्षीच्या यादीत एक काम असं आहे की जे गेल्या जूनपासून एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरत आलंय, आणि आता त्याला एकोणीस दिवस उरलेत.

मी आंबा कॅनिंगच्या कारखान्यात पॅकिंग बघते. बावीस वर्षं झाली. कुठल्या डब्यात कुठल्या तारखेचा रस आहे, त्यावर कुठलं लेबल लागलं, कुठली पेटी कुठल्या गाडीने हातखंब्याला हायवेवर गेली, हे माझं काम. मे महिन्यात आम्हाला रविवारची सुट्टीही कशीबशी मिळते. गेल्या वर्षी त्या सुट्टीवर माझ्या भाचीने, शलाकाने, डोळा ठेवला. ती मुंबईची नोकरी घरी बसून करते, म्हणून आता रत्नागिरीतच असते. एका रविवारी तिने फोनवर मला एक चित्र दाखवलं. टेबलावर एक पुस्तक, शेजारी केक, शेजारी उंच पेल्यात काहीतरी गुलाबी आणि त्यात खोचलेली पुदिन्याची काडी. परदेशात म्हणे लोक आवडत्या पुस्तकाला जोड म्हणून एक पदार्थ करतात आणि त्या मोसमाचं एक कॉकटेल. मग सगळे मिळून वाचतात, खातात, पितात.

विद्याताई शेजारी बसल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या घाटावरच्या, चाळीस वर्षं इथे राहून अजून मासा निवडताना माझ्याकडे बघतात. त्यांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, पुस्तक भिजेल.

मला मात्र ती कल्पना आवडली, आणि खरं सांगायचं तर तिच्यातल्या रकान्यांमुळे आवडली. पुस्तक, पदार्थ, पेय. तीन रकाने. चौथा मी घातला: मोसम. म्हणजे जे पुस्तक वाचायचं त्याच्यासोबतचं खाणंपिणं त्या आठवड्यात बाजारात किंवा परसात मिळणारं हवं. कारखान्यातली एक कोरी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या. कॉकटेल शब्द लिहायला माझा हात धजावला नाही, म्हणून पेय लिहिलं. शलाका म्हणाली, आत्या, तू त्यातली सगळी मजाच काढून घेतलीस. मी म्हटलं, मजा शेवटच्या रकान्यात येईल.

आणि आली. शलाकाने खुनांच्या गोष्टींचं पुस्तक घेतलं तेव्हा काजूचा शेवट चालला होता. तिने ओल्या काजूगरांची उसळ ठरवली. ओला काजू सोलताना चीक लागून हाताला काळे डाग पडतात आणि ते आठ दिवस जात नाहीत. तिचं म्हणणं, या पुस्तकाला दुसरा पदार्थ असूच शकत नाही, कारण गुन्हा केल्याची खूण अंगावर राहते. पेय म्हणून काजूच्या बोंडांचा रस. तो घशाला असा धरतो की पुढची दहा मिनिटं कोणी बोलत नाही. खुनी कोण हे आधीच ओळखलेल्या विद्याताईंचं तोंड त्या दिवशी त्या रसाने बंद ठेवलं.

विद्याताईंची कादंबरी दुष्काळी मुलखातली होती, साडेचारशे पानांची, आणि तीत एकदाही पाऊस पडत नाही. पदार्थ बाजरीची भाकरी आणि ठेचा. पेयाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवायला सांगितला, कारण त्या गावात कोणालाच पाणी मिळत नाही. मी रिकामा रकाना ठेवत नाही. शेवटी माठातलं वाळ्याचं पाणी ठरलं, माणशी अर्धा पेला, पुन्हा मागायचं नाही. मे महिन्याच्या दुपारी, घामाने पाठ भिजलेली, ठेच्याने जीभ भाजलेली, अर्ध्या पेल्यावर आम्ही तिच्यातली निवडक प्रकरणं ऐकली. विद्याताई वाचतात फार छान. वर्गाची सवय आहे. कोणी जांभई दिली की आवाज चढतो.

तर अशा या आमच्या पडवीत नसीमआपा पहिल्या रविवारपासून होती. वय त्र्याहत्तर. राजिवड्याहून रिक्षाने यायची, हातात नेहमी एक डबा. नवरा जहाजावर होता, तो गेल्याला बारा वर्षं झाली. मुलगा मस्कतला. आणि ती स्वतः वीस वर्षं आमच्याच कारखान्यात आंबा निवडायला होती. पाटीतला आंबा देठाकडून नुसता हुंगायची आणि आत साका, म्हणजे गराची पांढरी गाठ, आहे का सांगायची. आम्ही कापून बघायचो, साका असायचा. मी नवीन लागले तेव्हा ती निवडणाऱ्या बायकांच्या ओळीत पहिली बसायची, आणि पुढे मी तिची साहेब झाले तरी ती मला एकेरीच बोलायची.

दुष्काळी कादंबरी ऐकताना तिने फक्त एक प्रश्न विचारला होता. त्या बाईला एवढी तहान लागलीय, तर ती दोन प्रकरणं नवऱ्याशी बोलत का बसलीय, उठून शेजारच्या गावात का नाय जात? विद्याताई म्हणाल्या, अहो आपा, ते मनाचं दुष्काळीपण आहे. आपा म्हणाली, असेल. पण पोरांना पाणी कोण देतंय?

मे महिन्याचा तिसरा रविवार होता. पुढच्या आठवड्यात माझी पाळी. माझं पुस्तक म्हणजे खाणावळ चालवून चार मुलं वाढवलेल्या एका विधवेचं आत्मचरित्र. शलाका वहीतली पानं उलटत होती. आपाने वही आपल्याकडे ओढली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, उर्दू शाळेत. मराठी ती दुकानावरची पाटी वाचावी तशी वाचते, अक्षर अक्षर जोडून. तिने स्वतःचं नाव शोधलं आणि त्या ओळीवरून बोट सरकवत नेलं. पुस्तकाच्या रकान्यात काही नव्हतं. पदार्थाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: सांदण, सुनंदाच्या पुस्तकाबरोबर. सुनंदा म्हणजे मी.

"माझ्या नावापुढे फक्त काम लिवलंस," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. पाटीतला आंबा बाजूला काढताना असतो तसा आवाज होता.

मी काहीतरी सारवासारव केली. तुम्ही मराठी पुस्तकं वाचत नाही म्हणून, असं काहीसं. पण मला आतून कळलं होतं की ते कुठून आलंय. बावीस वर्षं मी माणसांच्या याद्या अशाच करत आले आहे. नाव, काम. नाव, काम. आपाचं नाव लिहिताना हाताने पुढचं आपोआप लिहिलं. आणि तिचं सांदण मी माझ्या पुस्तकाला लावून टाकलं होतं, तिला न विचारता, कारण माझ्या विधवेच्या खाणावळीला शोभेल असा पदार्थ मला सुचत नव्हता.

इथे सांदणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सांदण म्हणजे बरक्या फणसाच्या रसातलं, पिवळं, गोड, तांदळाच्या कण्या घालून वाफवलेलं. आपाकडचं सांदण पांढरंशुभ्र. तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या घट्ट रसात भिजवून फुगवलेलं, वाट्यांमध्ये वाफवलेलं, हाताने दाबलं तर पुन्हा वर येणारं. त्यांच्याकडे लग्नात मटणाबरोबर असतं, आणि नुसतं गोड नारळाच्या दुधात बुडवूनही खातात. मी तिच्या घरी ते पहिल्यांदा खाल्लं त्याला वीस वर्षं झाली असतील. तेव्हापासून कृती मागतेय. ती सगळं सांगायची, फक्त पीठ फुगवायचं कशाने तेवढं सोडून. पूर्वी माडाची आंबलेली माडी घालत, हे सर्वांना ठाऊक आहे. शलाका म्हणाली होती, आपा, मग कॉकटेल आलंच की. त्यावर आपा म्हणाली, ती पिठाला, पोरी, पोटाला नाय. आता माडी तशी मिळत नाही, मग ती काय घालते? त्यावर ती हसायची.

त्या रविवारी तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"सुनंदा, जोडी म्हणजे जोडी. पदार्थ पाहिजे तर माझं पुस्तक पण घ्यायचं. मी पाच तारखेला चाललेय मस्कतला. कायमची, पोरगा बोलवतोय. त्याच्या आत होतंय का बघ."

पाच जून. मी मनात मोजलं. दोन रविवार. कारखान्यात रात्रपाळीपर्यंत काम चालू. मी म्हटलं, बुधवारही घेऊ. शुक्रवार तुमचा नमाजाचा, तो सोडून. माझी पाळी मी पुढे ढकलली, खाणावळवाल्या विधवेला जुलैत पाठवलं, आणि आपाच्या नावापुढचा पुस्तकाचा रकाना भरायला पेन उघडलं. पुस्तकाचं नाव?

नाव नव्हतं.

बुधवारी तिने पुस्तक आणलं तेव्हा कळलं. उर्दू, जुनं, कापडी बांधणीचं. मूळचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली. गोष्ट सुरू होते ती नवव्या पानावर, वाक्याच्या मध्यापासून. नवऱ्याने कुठल्या तरी बंदरावर जुन्या बाजारात घेतलं, जहाजावर कितीदा वाचलं, एका सफरीत ते भिजलं म्हणून परत आल्यावर बांधून घेतलं. लिहिणारा कोण, नाव काय, त्यालाही ठाऊक नव्हतं. माझ्या वहीत तो रकाना आजही तसाच आहे. सगळ्या वहीत तेवढाच एक.

गोष्ट एका भंडाऱ्याची. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, हे आपाने पहिल्यांदा सांगितलं. तो बंदरोबंदरी जे मिळेल ते रांधतो आणि घरी बायकोला पत्रांतून कळवतो, आज काय केलं, खलाशी काय म्हणाले, कुठल्या बंदरात मीठ वेगळं लागलं. एवढंच. खून नाही, दुष्काळ नाही. पण त्याच्या प्रत्येक पत्रात एक गोष्ट तो सांगायची राहून जाते असं वाटतं, आणि तुम्ही ती ऐकायला पुढच्या पत्राकडे जाता.

आपा एक ओळ उर्दूत वाचायची, मग मराठीत सांगायची. तिची मराठी, राजिवड्याची, ज्यात जहाज "निगतं" आणि वारा "पडतो". मी घड्याळ लावून बसले होते. एकशे बेचाळीस पानं, त्यातली आठ नाहीत. चार बैठका. बैठकीला तेहतीस-चौतीस पानं व्हायला हवीत. पहिल्या दिवशी पंचवीसच झाली. कारण भंडारी एका बंदरात हलवा घेतो, तिथे आपा थांबायची आणि सांगायची की ह्यांनीपण एकदा तिथला हलवा आणलान, वाटेत मुंग्या लागल्या, आणि मुंग्यांसकट दीरांनी खाल्लान. विद्याताई विचारायच्या, हे पुस्तकात आहे का? आपा म्हणायची, पुस्तकात नाय, पण झालंय.

मी दुसऱ्या दिवसापासून घड्याळ काढून ठेवलं नाही, पण ते दाखवणं बंद केलं.

आता बरण्यांबद्दल, कारण ती चूक मी लपवून ठेवू शकत नाही. रातांब्यांचं आम्ही दोन प्रकारे करतो. रातांबा फोडून आतला बियांचा गर काढला की सालीची वाटी उरते. त्या वाट्यांत साखर भरून बरणीत रचायच्या आणि बरणी आठ-दहा दिवस उन्हात ठेवायची. साखर विरघळते, गडद लाल पाक सुटतो, त्याचं सरबत. दुसरं आगळ. म्हणजे रातांब्याचा रस, त्यात भरपूर मीठ. ते सोलकढीला लागतं, वर्षभर टिकतं. दोन्ही बरण्या सारख्या, रंग सारखा. फरक म्हणजे पाक दाटसर असतो आणि आगळ पाण्यासारखं, आणि बरणी जरा हलवली तर लहान मुलालाही कळेल. पण मी लेबलं आधी लिहून ठेवते. बरण्या नंतर भरते. कारखान्यात असंच चालतं. त्या मे महिन्याच्या मध्यावर भावाकडून दोन टोपल्या आल्या, मी दमले होते, आणि लेबलं उलटी लागली.

आपाच्या तिसऱ्या बैठकीला मी "सरबत" लिहिलेल्या बरणीतून चार पेले केले. लेबल वाचलं, बरणी पाहिली नाही. विद्याताईंनी घोट घेतला आणि तोंडावर पदर धरला. शलाका सरळ न्हाणीकडे पळाली. मी चाखलं. खारट समुद्र. बावीस वर्षं लेबलं बघणारी बाई मी, स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर. मी पेले उचलायला लागले.

आपाने आपला पेला दिला नाही. ती सावकाश पीत होती, शेवटपर्यंत. मग पेला पालथा ठेवून म्हणाली की अगदी बरोबर आहे. उन्हात माणसाच्या अंगातलं मीठ जातं, तर जहाजावर ह्यांना असंच द्यायचे, आगळात पाणी, वर चिमूट जिऱ्याची. भंडाऱ्याकडे साखर असती तर त्याने ती खलाशांच्या चहाला ठेवली असती. सुनंदाने आज पहिल्यांदा माझ्या पुस्तकाला पेय दिलं.

विद्याताईंनी मग पेल्यात पाणी वाढवलं, शलाकाने जिरं भाजून कुटलं, आणि आम्ही ते सगळं प्यायलो. पातळ केल्यावर ते खरोखर चांगलं लागतं. आधी मीठ, मग आंबट, आणि घाम वाळला की मागे राहतो तो थंडावा. वहीत पेयाच्या रकान्यात मी लिहिलं: आगळपाणी, जिरं घालून. आणि लेबलं बदलायला उठले तर आपा म्हणाली, बस खाली, जहाज निगालंय.

पण जहाज पोचलं नाही. चौथ्या बैठकीला, दोन जूनच्या रविवारी, आम्ही दुपारी दोनला बसलो. बाहेर आकाश भरून आलं होतं, अंगणातल्या जांभ्याच्या दगडांना तापलेला वास येत होता. भंडाऱ्याचं जहाज भर समुद्रात वारा पडल्यामुळे अडकलं होतं. पीठ संपत आलेलं. घर चार दिवसांवर. आणि भंडारी बायकोला लिहीत होता की आल्यावर पहिलं काय रांधणार ते मी ठरवलंय, पण आत्ता सांगत नाही. आपाचा आवाज बसला. ती खोकली, पाणी प्यायली, आणखी दोन पानं वाचली. मग तिने खुणेचा दोरा घातला आणि पुस्तक मिटलं. मी न बघताच मोजलं होतं. बावीस पानं राहिली होती.

मी म्हटलं, परवा येते तुमच्या घरी, कारखान्यातून सुटल्यावर. ती म्हणाली, परवा सामान बांधायचंय. मग म्हणाली, बाकीचं तू वाच.

"मला उर्दू येत नाही, आपा."

"मला पण मराठी येत नव्हतं. तुझ्या वहीत माझं नाव वाचलं ना मी?"

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. सांदणाचं शेवटच्या पानांवर लिहिलंय, म्हणाली. सगळं लिहिलंय, फुगवायचंसुद्धा. पण एक अट. वाचून करायचं. राजिवड्यात कोणाला नेऊन दाखवायचं नाही, फोन करून विचारायचं नाही. शलाकाचा तो फोन, जो फोटो काढला की सगळं वाचून दाखवतो, तो पण नाही. शलाका हसली, आपा तुम्हाला कसं ठाऊक? आपा म्हणाली, नातवंडं आहेत मला.

आणि निघताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "याद्या करतेस ना, मग हे पण लिव एक काम."

मी लिहिलं. त्याच दिवशी. काम क्रमांक एक: उर्दू.

बाजारातून पहिलीचं पुस्तक आणलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अक्षरं गिरवली. आमच्या पॅकिंगच्या मुली म्हणायच्या, मॅडम उलट्या बाजूने लिहायला लागल्या. खरंच लागले होते. एकदा मालाच्या यादीचे रकाने मी उजवीकडून आखले आणि मुकादम अर्धा तास गोंधळला. पावसाळाभर राजिवड्याच्या बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचायचे, मोठ्याने, रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या. दिवाळीपर्यंत छापील वाक्य लागायला लागलं. जानेवारीत मी दोऱ्याच्या खुणेपाशी पोचले आणि भंडाऱ्याचं अडकलेलं जहाज पुन्हा सुरू केलं. आठवड्याला दोन पानं. रविवारी विद्याताई आणि शलाकाला वाचून दाखवायचं. मी वाचताना विद्याताईंनी जांभई दिली तर माझाही आवाज चढतो, हे मला आता कळलं.

मार्चमध्ये वारा सुटला. एप्रिलमध्ये जहाजावरून किनारा दिसला. एकशे बेचाळिसाव्या पानावर भंडारी पेटी घेऊन होडीत उतरतो, बायको बंदरावर उभी आहे, ती विचारते, काय ठरवलंस? आणि पान संपतं. मी पान उलटलं. पुढचं छापील पान नव्हतं. पहिल्यासारखी शेवटचीही पानं गेलेली. जिथे गोष्टीचा शेवट असायला हवा तिथे बांधणाऱ्याने कोरी पानं शिवली होती, आणि त्यातल्या पहिल्याच पानावर निळ्या शाईत आपाचं अक्षर होतं.

त्या दिवशी मी अट अर्धी मोडली. फोन केला. कृतीबद्दल विचारणार नाही, म्हटलं, पण पुस्तकाचा शेवट कुठे आहे? तिकडून ती बराच वेळ हसली. हसताना आता तिला दम लागतो, मध्ये थांबावं लागतं.

"ह्यांनीपण नाय वाचला कधी. भंडारी घरी पोचला तर काय करील? रांधील. म्हणून तिथे रांधप लिवून ठेवलंय."

मग म्हणाली, डॉक्टरांनी एका महिन्याची सवलत दिलीय, रातांबे संपायच्या आत येते. तीस तारीख. केलंस तर खाईन, नाय तर पिवळं सांदण चालेल. ते मी टोमणा म्हणून घेतलं आणि यादीत सर्वांत वर लिहिलं.

छापील उर्दू आणि हाताने लिहिलेली उर्दू यांत भारी फरक आहे. छापील अक्षरं रांगेत उभी असतात, आमच्या डब्यांसारखी. आपाचं अक्षर पाण्यासारखं वाहतं, एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं. सहा ओळी आहेत. पहिली मला आठ दिवसांत लागली: जुना सुरय, म्हणजे उकडा नसलेला, तांदूळ, दोन शेर. दुसरी: रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, जाडसर रवा. उन्हात नाही, असं तिने दोनदा लिहिलंय. तिसरी: नारळाचा फक्त पहिला रस, कोमट. चौथ्या ओळीत ते आहे, जे ती वीस वर्षं हसण्यावारी नेत आली. ती ओळ लांब आहे, पानाच्या टोकाशी वळून खाली आलीय. त्यातला "रातभर" एवढा शब्द मला लागलाय.

विद्याताई म्हणतात, बेकरीतलं यीस्ट घाला आणि मोकळ्या व्हा. म्हातारीला कळणार नाही. मी एकदा करून पाहिलं. सांदण फुगलं, पण वाट्या उघडल्यावर घरभर पावाचा वास. जी बाई देठ हुंगून आतला साका सांगते तिच्यापुढे ते ठेवायचं? शलाकाचा फोन टेबलावर पालथा असतो, पण तो उचलून एक फोटो काढायला किती वेळ लागेल हे आम्हा तिघींनाही ठाऊक आहे. मी तो पालथाच ठेवायला सांगितलाय. मी एकदा आपाचं नाव लिहून पुढे नुसतं काम लिहिलं. या वेळी काम तिने मला दिलंय आणि ते मी तिने सांगितलं तसंच करणार.

आजची बैठक सहाला संपली. झालेली कामं: रातांबे निवडले. अर्धे पाकाला, अर्धे आगळाला. या वर्षी बरण्या आधी भरल्या, हलवून पाहिल्या, चाखल्या आणि मग लेबलं लावली. दोन शेर तांदूळ परवा रात्री भिजवून, मागच्या खोलीत चादरीवर सावलीत वाळवून, रवा काढून डब्यात भरला. दोन नारळ फडताळात आहेत. वाफवायच्या वाट्या घासून पालथ्या घातल्यात, सोळा. जिरं भाजलंय.

पुस्तक खिडकीशी उघडं आहे. अजून अर्धा तास उजेड आहे. चौथी ओळ वाचायची राहिली आहे.